ओहोटीतलं उद्यान

द्वारका-सोमनाथच्या यात्रेला महाराष्ट्रातून वर्षभर माणसं जात असतात. कुणी सौराष्ट्र मेलने, कुणी सहल कंपनीच्या बसने. जामनगर मागे टाकून गाडी खंभाळियाच्या दिशेने निघाली, की मध्येच वाडिनारकडे जाणारा फाटा लागतो. तिथे वळणाऱ्या बस फारच थोड्या. फाट्याने आत गेलं, की आधी तेलाच्या टाक्या, चिमण्या आणि कुंपणं दिसतात, आणि हा रस्ता कुठल्या रम्य जागी जात असेल यावर विश्वास बसत नाही. पण तो वनखात्याच्या चौकीपाशी येऊन थांबतो. ही नरारा बेटाची चौकी. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात पायी शिरण्याची सगळ्यात सोपी वाट इथून आहे.

इथल्या समुद्राला १९८० साली अभयारण्याचा आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओख्यापासून जोडियापर्यंतचा किनारा आणि त्यालगतची ४२ बेटं त्यात येतात. उद्यान सुमारे १६३ चौरस किलोमीटरचं आणि अभयारण्य सुमारे ४५८ चौरस किलोमीटरचं. आकडे एवढे पुरेत. नराराचं वेगळेपण आकारात नाही. मालवणला किंवा लक्षद्वीपला समुद्राचा तळ बघायचा तर नळी तोंडात धरून पाण्यात उतरावं लागतं. इथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि चालायला लागायचं. पाणीच उठून निघून गेलेलं असतं.

ते इतकं दूर का जातं, हे आधी समजून घेतलेलं बरं, कारण सहल जमणार की फसणार हे त्यावरच ठरतं. कच्छचं आखात पश्चिमेला रुंद आणि पूर्वेला निमुळतं होत गेलेलं आहे. अरबी समुद्राची भरती त्यात शिरली, की पाण्याला पसरायला जागा उरत नाही, ते वर चढतं. आखाताच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्याही वर जातो. त्यातून वाडिनारच्या बाजूचा तळ अगदी सपाट. उभ्या कड्याखालचं पाणी पाच मीटर उतरलं तर कड्यावरच्या माणसाला त्याचं विशेष काही वाटत नाही, पण सपाट खडपावरून तेवढंच पाणी उतरलं की किनारा किलोमीटर-दोन किलोमीटर मागे सरकतो.

आपल्याकडचे कोळी भरतीची वेळ काढतात ती तिथीवरून. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्यामुळे भरतीही रोज पाऊण तासाने पुढे जाते. गणिताचं सगळं रहस्य एवढंच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. कच्छच्या आखातात पाणी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून ही वेळ आणखी थोडी पुढे सरकते आणि नेमक्या वेळेसाठी तिथला तक्ताच बघावा लागतो. पण कुठला दिवस धरायचा, हे पंचांग अचूक सांगतं.

इथेच शहरातला माणूस फसतो. पहाटे उठायला नको म्हणून तो भर दुपारची ओहोटी शोधतो. ती त्याला मिळते अष्टमीच्या आसपास, आणि अष्टमी म्हणजे भांग. सूर्य आणि चंद्र तेव्हा पाण्याला काटकोनात ओढत असतात, त्यामुळे भरतीही अर्धवट आणि ओहोटीही अर्धवट. खडप नीट उघडं पडतच नाही. पाणी खरं हटतं ते उधाणाला. त्यातही पौर्णिमा-अमावास्या उलटून गेल्यावरच्या प्रतिपदेला आणि द्वितीयेला. त्या दिवशीची ओहोटी सकाळी लवकर गाठावी लागते. हिवाळ्यातली सकाळ असेल तर उत्तमच, कारण पुढे उन्हं चढली की त्या उघड्या खडपावर सावलीला एक झुडूपही नाही.

चौकीत परवानगी घ्यायची, वाटाड्या बरोबर घ्यायचा आणि पायात जुने कॅनव्हासचे बूट घालायचे. चपला चिखलात राहतात, आणि अनवाणी पाय कालवांच्या कडांवर कापतात.

सुरुवातीला लागतात तिवरं. गुजरातीत चेर. चिखलातून त्यांची श्वासमुळं बोटभर वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून निवटी टणाटण उड्या मारत असतात. कोकणातल्या माणसाला निवटी दिसली की आधी कालवण आठवतं, पण तो मोह आवरून जरा उभं राहावं. हा मासा असून पाण्याबाहेर हिंडतो, कारण कल्ल्यांच्या पोकळीत तो घोटभर पाणी भरून घेतो आणि ओलसर कातडीतूनही श्वास घेतो. अधूनमधून तो कुशीवर लोळण घेतो. मस्ती म्हणून नव्हे. अंग वाळलं तर गुदमरेल म्हणून.

निवटीची ही धडपड डोळ्यांसमोर ठेवली की पुढचं खडप वाचता येतं. इथे दिसणारा जवळजवळ प्रत्येक जीव पुढचे काही तास एकाच कामात गुंतलेला असतो: पाणी परत येईपर्यंत जवळचं पाणी राखणं. कुणाची पद्धत झाकण लावण्याची, कुणाची मिटून घेण्याची, कुणाची बीळ गाठण्याची. खडकाला चिकटलेले बार्नकल चुन्याच्या फळ्या ओढून घेतात. गोगलगायी पायामागची चकती दारासारखी लावून घेतात. खेकडे दगडाच्या ओल्या बाजूला दबून बसतात. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही, नुसता चिखल आणि शेवाळ. म्हणून पहिली पंधरा मिनिटं फार चालू नये. एखादं हातभर लांबीचं डबकं निवडून त्याच्याशी उकिडवं बसावं आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

डबक्यात आधी दिसतं ते समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे आणि मांसाहारी आहे. पाण्यात असताना त्याच्या शुंडा पसरलेल्या असतात. त्यांच्यावरच्या सूक्ष्म दंशपेशी लहान कोळंबीला, माशाच्या पिल्लाला लुळं करतात. डबक्याच्या काठावर, जिथून पाणी उतरलं आहे, तिथलं समुद्रफूल मात्र ओळखू येत नाही. शुंडा आत, तोंड मिटलेलं, पोटात पाणी कोंडलेलं, आणि अंगावर शंख-शिंपल्यांचे बारीक तुकडे चिकटवलेले. या तुकड्यांनी ऊन थोडं परतवलं जातं आणि अंगाची सावली अंगालाच मिळते. जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय पडतो तो नेमका यावर, कारण ते त्याला वाळूचं ढेकूळ वाटतं.

मग एक आवाज येतो. टक्. पुन्हा दुसरीकडून टक्. दगडांखालून कुणी बोटं मोडावीत तसा. ही पिस्तुली कोळंबी. तिचा एक नांगा दुसऱ्याहून कितीतरी मोठा असतो आणि तो ती इतक्या वेगाने मिटते, की पाण्याची धार सुटते आणि त्या धारेमागे क्षणभर एक पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज येतो तो नांग्याचा नाही, बुडबुडा फुटल्याचा. फुटताना त्याच्या आतलं तापमान सुमारे ४,७०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, असं २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. बोटाएवढ्या कोळंबीच्या हातात, क्षणाच्याही फार छोट्या भागापुरती का होईना, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपासची आच असते. शिकार मात्र उष्णतेने मरत नाही, धक्क्याने बधिर होते. कोळंबी दिसणं अवघड. ऐकू येते ती सगळीकडे.

ऑक्टोपस शोधायचा तर ऑक्टोपस शोधू नये. वाटाडे काय करतात ते बघावं. त्यांची नजर दगडांच्या कपारींपेक्षा कपारीबाहेरच्या कचऱ्यावर असते. ताज्या, आतून चकचकीत शिंपल्या आणि खेकड्यांची रिकामी कवचं एका ठिकाणी पडलेली असतील, तर आत घरमालक आहे. वाकून पाहिलं की आधी काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक भाग हलतो. फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. तो श्वास. मग डोळा सापडतो, आडव्या फटीसारख्या बाहुलीचा. तो आपल्याला दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून आपल्याला पाहत असतो. कातडीत रंगाच्या हजारो पिशव्या, प्रत्येकीला स्नायूंचे धागे. धागे ताणले की रंग पसरतो, सोडले की ठिपका होतो. त्यामुळे तपकिरी दगडावरून हिरवट शेवाळावर सरकताना त्याला रंग बदलायला सेकंदही लागत नाही. कातडीवर तो खडबडीत उंचवटेसुद्धा उभे करतो.

तीन हृदयं, निळसर रक्त, हाड एकही नाही, आणि मज्जापेशींपैकी बहुतांश मेंदूत नसून आठ हातांत. असा प्राणी पाण्याबाहेर काही मिनिटं तग धरतो, एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरपटतही जातो. पण त्या थोड्याच वेळात त्याला दुसरं पाणी सापडलं पाहिजे.

आता जरा अप्रिय गोष्ट. पर्यटकांचा घोळका आला, की ऑक्टोपस बाहेर काढून हातावर घेऊन दाखवणं आणि केंड मासा फुगवून दाखवणं हे ठरलेले खेळ होतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. वाटाड्याला दोष देऊन भागत नाही. शहरातून आलेला माणूस काहीतरी झालंच पाहिजे म्हणून अडून बसतो आणि बक्षिशी त्या खेळावरच मिळते. पण केंडाचं त्या वेळी काय होतं ते समजून घ्यावं. शत्रू जवळ आला की केंड भराभर पाणी गिळतो आणि दुपटी-तिपटीने फुगतो. अंगावरचे काटे ताठ होतात, गिळणाऱ्याच्या घशात तो मावत नाही. ही त्याची शेवटची ढाल. त्याला पाण्याबाहेर उचललं तर तो पाण्याऐवजी हवा गिळतो. पाणी बाहेर टाकणं त्याला जमतं, हवा टाकणं जड जातं. खाली सोडल्यावर तो पोट वर करून तरंगत राहतो, आणि आकाशात समुद्रपक्षी असतातच. शिवाय त्याच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, ज्यावर उतारा नाही. ते खाल्ल्याने भिनतं, नुसत्या हात लावण्याने नाही; पण चार दात एकत्र जुळून झालेल्या त्याच्या चोचीने तो शिंपल्या फोडतो, तेव्हा बोटाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

समुद्रकाकडीला दाबलं तर ती संकटात आपली आतडी बाहेर फेकते. ती पुन्हा वाढतात, पण त्यात तिचे कित्येक दिवसांचे श्रम जातात. ठिसूळ तारामाशाला उचललं तर हाताचा तुकडा आपल्या हातात राहतो. दगड उलटा करून तसाच टाकला, तर खालच्या ओल्या बाजूला राहणारं सगळं जग उन्हात मरतं आणि वरचं शेवाळ अंधारात कुजतं. दगड उचलायचाच असेल तर तो होता तसा परत ठेवायचा, एवढी शिस्त मात्र घोळक्यातल्या एकालाही सांगितलेली नसते. प्रवाळं आणि सगळ्या समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीला. खिशात घातलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा गुन्ह्यात मोडतो.

प्रवाळांबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण ती इथे आहेत याचंच नवल. पुस्तकातल्या चित्रातलं प्रवाळ असतं निळ्या, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात आणि घरभाडं म्हणून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. म्हणजे प्रवाळाला ऊन हवं, म्हणजे निवळ पाणी हवं. कच्छच्या आखातातलं पाणी गढूळ, पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त म्हणून नेहमीपेक्षा खारट, हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात तापलेलं. त्यात दिवसातून दोनदा उघडं पडणं. भारतातल्या प्रवाळांच्या चार मोठ्या पट्ट्यांपैकी हा सगळ्यात उत्तरेचा, आणि सगळ्यात कष्टाचा.

त्यामुळे इथे टिकली ती गोलसर, दगडासारखी थोराड प्रवाळं. त्यांच्यावरची नक्षी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी किंवा मेंदूवरच्या वळ्यांसारखी, रंग तपकिरी, हिरवट, राखाडी. उघडं पडलं की प्रत्येक खळग्यातला जीव आत ओढला जातो आणि वर चिकट द्रावाचा पातळ थर येतो. तिरप्या उन्हात तो चकाकतो. डबक्यात बुडालेल्या काही प्रवाळांचे जीव मात्र दिवसाउजेडीही बाहेर आलेले असतात, लांब देठावर चोवीस-चोवीस शुंडा घेऊन. पाणी फार तापलं तर प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर काढून टाकतं आणि पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परत येतात.

फांद्यांची प्रवाळं इथून सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली असं मानतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती मन्नारच्या आखातातून आणून २०१५ मध्ये इथे पुन्हा रुजवली. पुढे जानेवारी २०२० मध्ये मिठापूरजवळच्या समुद्रात त्यांनी वेगळाच प्रयोग सुरू केला: लोखंडी सांगाडा पाण्यात उतरवायचा, त्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडायची, की समुद्रातला चुना सांगाड्यावर जमत जातो आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे लवकर वाढतात. आणि याच आखातातली प्रवाळाची वाळू एके काळी सिमेंट करायला उपसून नेली जात होती. उद्यान झाल्यावर ते थांबलं. घालवायला काही दशकं पुरली. आता हातभर सांगाड्यांवर बोट-बोट प्रवाळ जोपासणं चालू आहे.

या समुद्राच्या अभ्यासात आपलाही एक धागा आहे. आखाताच्या तोंडावरचं ओखामंडळ हे बडोदा संस्थानाचा भाग होतं, म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं. संस्थानाने जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश सागरी शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालयं आणि शाळा काढणाऱ्या महाराजांच्या यादीत खेकडे, स्पंज आणि किडेही होते, हे आपल्याकडे क्वचित सांगितलं जातं. शेजारच्या नवानगर संस्थानाचं लक्ष मोत्यांकडे अधिक. तिथे मोत्याचे शिंपले काढायला पाणबुडे लागत नसत. ओहोटीला खडपावर चालत जाऊन ते हाताने वेचले जात. नराराला आपण चालतो तसंच.

आजचे मोती जमिनीवर आहेत. वाडिनारहून मथुरेपर्यंतची तेलवाहिनी १९७८ मध्ये सुरू झाली, म्हणजे उद्यानाच्याही आधी. १९९९ मध्ये जामनगरजवळ सुरू झालेला शुद्धीकरण कारखाना पुढे वाढत जाऊन जगातलं सगळ्यात मोठं शुद्धीकरण संकुल ठरला. तेलाची मोठी जहाजं उथळ किनाऱ्याला लागू शकत नाहीत. ती खोल पाण्यात तरंगत्या बोयाला बांधली जातात आणि तेल तळावरून टाकलेल्या नळांमधून किनाऱ्यावर येतं. हे नळ संरक्षित समुद्राला छेदूनच जातात. खडपावर उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं की ती जहाजं दिसतात, आणि फोटो काढणारा प्रत्येक जण ती चौकटीत येऊ नयेत म्हणून कोन बदलतो. मला ती यायला हवीत असं वाटतं. आपण ज्या गाडीने इथे आलो ती कशावर चालली, हा हिशेब त्याच चित्रात पुरा होतो.

परतायची वेळ वाटाडा ठरवतो आणि तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. भरती सारख्या गतीने चढत नाही. खलाशांचा एक ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पाच मीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात जेमतेम हातभर पाणी येतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या एका तासात सव्वा मीटर येतं. तेही समोरून नाही. सपाट खडपात आडवे-तिडवे ओहळ असतात, ते आधी भरतात, आणि आपण पुढे प्रवाळ बघत असताना मागची वाट बंद होते.

पाण्याच्या पुढेपुढे पक्षी सरकत येतात. हिवाळा असेल तर त्यांत काळा-पांढरा, जाड काळ्या चोचीचा क्रॅब प्लव्हर असतो, मुख्यतः खेकडे फोडून पोट भरणारा. किनाऱ्यावरचे त्याच्यासारखे बहुतेक पाणपक्षी जमिनीवर उघडी घरटी करतात. हा एकटा वाळूत बोगदा खणतो आणि त्यात पांढरं अंडं घालतो. समुद्र बगळे दोन रंगांत दिसतात, राखी-काळे आणि पांढरे, जात एकच. भरती पुरी चढली की ही सगळी मंडळी किनाऱ्याच्या आतल्या उंचवट्यांवर आणि मिठागरांत जाऊन बसतात.

तोवर दुपार झालेली असते. द्वारकेची घाई नसेल तर जामनगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खिजडियाचं पक्षी अभयारण्य बघावं. नवानगरच्या राजाने १९२० मध्ये शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घातला. त्याच्या एका अंगाला गोडं पाणी साठलं, दुसऱ्या अंगाला खारं राहिलं. आता एका बाजूला बदकं आणि पाणकोंबड्या, दुसऱ्या बाजूला रोहित आणि खाऱ्या पाण्यातले पाणपक्षी, आणि मधल्या बांधावरून माणसांची वाट. रामसर यादीत हे ठिकाण आहे. तिथे तिथी बघावी लागत नाही, फक्त सूर्योदयाला पोचावं लागतं.